मेंढ्यांचा माज एकाच वेळी जुळवता येतो काय?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ): माझ्या ४० मेंढ्या मागेपुढे वितात, त्यामुळे कोकरे एकदम विकता येत नाहीत, संप्रेरकांनी (हार्मोन्सनी) माज, म्हणजे मेंढी नराला स्वीकारण्याचा काळ, जुळवता येईल काय?

उत्तर १: होय, भाऊ. प्रोजेस्टेरॉनसदृश (माज रोखून धरणाऱ्या संप्रेरकासारख्या) औषधाचा स्पंज १२ ते १४ दिवस योनीत ठेवून, तो काढताना पीएमएसजीचे (अंडाशयाला चालना देणाऱ्या संप्रेरकाचे) इंजेक्शन दिल्यास बहुतेक मेंढ्या दोन-तीन दिवसांत माजावर येतात. नर मात्र पुरेसे हवेत. हेच नेमके विसरले जाते.

उत्तर २: प्रोस्टाग्लँडिनची (पीतपिंड विरघळवणाऱ्या संप्रेरकाची) दोन इंजेक्शने ९ ते ११ दिवसांच्या अंतराने देणे सोपे आहे, परंतु ते अंडाशयावर पीतपिंड (बीज सुटल्यावर तिथे तयार होणारी गाठ) असतानाच लागू पडते आणि गाभण मेंढीचा गर्भपात घडवू शकते, म्हणून पशुवैद्यकांकडून आधी गर्भतपासणी करून घ्यावी.

प्रश्नकर्ता: नर दोनच आहेत, तेव्हा स्पंज दहा-दहाच्या गटांनी बसवून घेतो.