ऑनलाइन कार्यक्रमाचा गुण वर्षभरापुढे टिकतो का?

गवतीचहा:
चर्चा हवेत जायला नको म्हणून एकच उदाहरण घेऊ: मायामी विद्यापीठाचे ब्रायन डॉस आणि लॉस एंजेलिसचे अँड्र्यू क्रिस्टेन्सन यांचा ‘अवर रिलेशनशिप’ हा भांडणाऱ्या जोडप्यांसाठीचा ऑनलाइन कार्यक्रम. सात-आठ तासांचं काम, तीन टप्पे. आधी भांडणाचा मुख्य विषय निवडायचा. मग तो पुन्हा पुन्हा का पेटतो ते चार बाजूंनी बघायचं: स्वभावातला फरक, जुनी हळवी जागा, बाहेरचा ताण, बोलण्याची लागलेली सवय. शेवटी काय पदरात घ्यायचं आणि काय बदलायचं ते ठरवायचं. धडे ज्याचे त्याने करायचे, टप्पा संपला की दोघांनी बसून बोलायचं. अधूनमधून प्रशिक्षकाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे चार फोन. २०१६ साली ३०० जोडप्यांच्या चाचणीचे निकाल आले, समाधान ठळक वाढलं होतं. वर्षभरानंतरही ते टिकून होतं. मी म्हणतो, उपयोग होतो.

आकडेमोड:
‘टिकून होतं’ हे जपून म्हणा. तुलनेसाठी कार्यक्रम न देता थांबवलेल्या जोडप्यांनाही दोन महिन्यांनी तोच कार्यक्रम दिला. म्हणजे वर्षभराच्या मोजणीत तुलनेला उरलं कोण? लोक मदत शोधतात तेच अगदी विकोपाला गेल्यावर; त्यातले काही काहीही न करता थोडे सावरतात. आणि वर्ष म्हणजे लांबचा पल्ला नव्हे. क्रिस्टेन्सन यांच्याच समोरासमोरच्या उपचाराची १३४ जोडप्यांवर चाचणी झाली, जास्तीत जास्त २६ बैठका. पाच वर्षांनी चौथ्या हिश्श्याहून जास्त जोडपी विभक्त झाली होती. २६ बैठकांची ही गत, तर आठ तासांकडून काय अपेक्षा ठेवायची?

गवतीचहा:
त्याच अभ्यासात पाच वर्षांनी जवळपास निम्म्या जोडप्यांत ठोस सुधारणा होती, ते सोयीस्करपणे गाळलंत. तीही मुद्दाम दीर्घकाळ त्रासलेली निवडलेली जोडपी. शिवाय ‘अवर रिलेशनशिप’च्याच २०२०च्या अभ्यासात कमी उत्पन्नाची ७४२ जोडपी होती, आणि तिथे थांबवलेल्यांना सहा महिने थांबवलं होतं. फायदा तिथेही दिसला.

आकडेमोड:
सहा महिने मान्य. पाच वर्षं नाहीत, एवढंच माझं म्हणणं.

उंबरठा:
तुमचं वर्षं मोजणं चालू द्या, हे मोडतं कुठे ते सांगते. पहिली गळती प्रशिक्षकाचे फोन बंद केले की लागते. नुसते व्हिडिओ पुढ्यात टाकले तर बरीच जोडपी अर्ध्यातच सोडतात. दुसरं, विषय अवाढव्य निवडतात. ‘पैसा’ हा विषय नव्हे. ‘दर महिन्याला माहेरी-सासरी किती पाठवायचे’ हा विषय. तिसरं, एक जण दोन रात्रींत सगळं उरकतो, दुसरी पहिल्याच धड्यावर. एकत्र बसायची वेळ येते तेव्हा याला आपण काय लिहिलं तेच आठवत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे दुसऱ्या टप्प्यात उघड केलेली हळवी जागा पुढच्या भांडणात हत्यार होते: ‘तूच लिहिलं होतंस ना, तुला लहानपणापासून…’ झालं, पुढच्या वेळी समोरचा काही उघड करेल का? आणि मारहाण किंवा धाक असेल तर हा रस्ताच नको. तिथे मन मोकळं करणंच धोक्याचं.

पळसाची पानं:
उंबरठाताई, +१. आपल्याकडे आणखी एक अडचण. दोन खोल्यांच्या घरात सासूबाई स्वयंपाकघरात असताना ‘टप्प्याअखेरची चर्चा’ करायची कुठे? इअरफोन घालून धडा होईल, भांडणाबद्दल बोलणं नाही होणार. बरं, रुसवा, टोमणा, अबोला हे इंग्रजी प्रश्नावलीत कुठल्या चौकोनात भरायचं?

गवतीचहा:
घराचं खरं आहे. गच्ची, बागेतला बाक, काहीही चालेल, पण दोघंच हवेत. भाषेला मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

आकडेमोड:
आणि सहा महिन्यांनी पुन्हा बसायची तारीख ठरवता का कोणी? ठरलेलं कागदावर राहतं आणि ‘नंतर बघू’च्या खाली जातं. ती तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर टाकणारी जोडपी दाखवा, मग टिकण्याबद्दल बोलू.