डोंबिवलीतून बिऱ्हाड हलवायचंय: नाशिक की सांगली?

अबोली_डोंबिवली
नमस्कार मंडळी. घरात आम्ही पाच जण. सासूबाई 74 वर्षांच्या, गुडघे आणि दमा दोन्ही. मुलगी सातवीत, मुलगा दुसरीत, दोघंही स्टेट बोर्ड मराठी माध्यम. दोन खोल्यांना 19 हजार भाडं आणि करार संपला की वाढ ठरलेली. नवऱ्याला महिन्यातून दोनदाच परळच्या ऑफिसात जावं लागतं. मी इथल्या एका दवाखान्यात हिशेब बघते, 16 हजार मिळतात. लेक रोज ओट्याशेजारी पाट टाकून अभ्यास करते, ते आता बघवत नाही. नाशिक किंवा सांगली असं डोक्यात आहे. सांगलीत मावशी आहे. राहून बघितलेल्यांनी मोकळेपणाने सांगा.

गोदाकाठ
ताई, महिन्यातून दोनदा परळ म्हणजे नाशिक सोपं. सकाळी नाशिकरोडला पंचवटी धरायची, दादरला उतरायचं, संध्याकाळी त्याच गाडीने परत. मुक्काम नाही, लॉजचा खर्च नाही. आम्ही इंदिरानगरला दोन बेडरूमला 14 हजार देतो. पण थंडी मनावर घ्या. डिसेंबर-जानेवारीत माझ्या वडिलांचा दमा उसळतो, तेवढे दिवस ते बहिणीकडे पनवेलला राहतात. शिवाय 2027 च्या सिंहस्थामुळे रामकुंड, तपोवनाच्या बाजूला गर्दी असणार, तिकडे घर बघू नका. पाणी महापालिकेचं की टँकरचं, हे बिल्डरला विचारू नका. त्याच इमारतीतल्या एखाद्या बाईंना विचारा.

मुक्काम_मिरज
मावशी आहे म्हणताय तर सांगलीच बघा. रात्री-अपरात्री सासूबाईंना दम लागला तर दार वाजवायला कुणीतरी आपलं लागतं. आणि दवाखान्यांसाठी तर आजूबाजूच्या जिल्ह्यांतून, कर्नाटकातून लोक मिरजेला येतात.

एकच गोष्ट जीव तोडून सांगतो. घर स्वस्त मिळतंय म्हणून नदीकडे जाऊ नका. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका. 2019 ला ते 57 फुटांवर गेलं होतं. माझ्या चुलत्यांचं घर गावभागात. पहिला मजला गाठेपर्यंत खालचं धान्य, मुलांची दप्तरं, शिलाई मशीन सगळं गेलं. 2021 ला परत तेच. घर बघायला गेलात की मालकाला नको, शेजाऱ्याला विचारा, "एकोणीसला पाणी कुठवर आलतं?" बोट दाखवून सांगतील. विश्रामबाग उंचावर आहे, तरी गल्लीगणिक विचाराच. तिथे दोन बेडरूम 10-11 हजारांत बघितलेत मी. मुंबईला महालक्ष्मीने रात्री बसायचं, सकाळी कल्याण.

परतलेली_वाट
मी थोडं वेगळं सांगते, राग मानू नका. आम्ही ठाण्याहून छत्रपती संभाजीनगरला गेलो आणि दोन वर्षांनी परत आलो. भाडं निम्मं झालं, हे खरं. पण लोकल नाही, म्हणून दुसरी स्कूटर घ्यावी लागली. शाळेची व्हॅन आली. वीज तिथेही महावितरणचीच, बिल काही कमी झालं नाही. पाणी काही दिवसांआड यायचं, त्यासाठी टाकी आणि मोटर. एवढं करूनही बचत होत होती, पण माझी नोकरी गेली आणि तिथे तसं काम सापडलंच नाही. दिवसभर घरात मी, सासू-सासरे आणि पाण्याची वाट बघणं. हिशेब मांडताना सगळ्यांनी भाडं धरलं, माझा पगार कुणी धरला नाही. अबोलीताई, तुमचे 16 हजार आधी वजा करा आणि मग सांगा काय उरतं.

अबोली_डोंबिवली
परतलेली_वाट, खरंच आभार. काल रात्री कागदावर मांडलं. सांगलीत भाड्यात साडेआठ वाचतील, माझे सोळा जातील. नवरा गप्प बसला, मग म्हणाला, आधी तुझं काम बघू. मिरजेत हॉस्पिटलं आहेत तर हिशेबाचं काम मिळेल का? आणि शाळा कधी बदलावी?

गोदाकाठ
शाळेचं मी सांगतो, शिक्षक आहे. पुस्तकं बालभारतीचीच, त्यामुळे मुलांना अभ्यास नवा वाटणार नाही. हलवायचं तर आठवीच्या सुरुवातीला, जूनमध्ये. नववी झाल्यावर मुळीच नको, दहावीच्या तोंडावर मैत्रिणी तुटल्या की मुली मिटून जातात. शाळा सोडल्याचा दाखला हातात आल्याशिवाय टेम्पो ठरवू नका.

मुक्काम_मिरज
काम मिळू शकतं, पण फोनवर नाही. इथे समोर जाऊन बसावं लागतं. दिवाळीच्या सुट्टीत मावशीकडे आठ दिवस या, अर्ज आणि अनुभवाचं पत्र घेऊन. सासूबाईंनाही आणा, त्यांना हवा मानवते का तेही कळेल. पगार इथे कमी सांगतील, 11-12 हजार. पहिल्याच आकड्याला हो म्हणू नका.

अबोली_डोंबिवली
दिवाळीची महालक्ष्मीची पाच तिकिटं बघते आजच. कल्याणहून. सासूबाईंना खालचा बर्थ मिळाला म्हणजे झालं.