शब्दचर्चा : ‘राक्षस’ म्हटलं की नेमकं कोण समोर येतं?

आमच्याकडे डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून फाशांच्या जोरावर गोष्ट रंगवायचा खेळ, मराठीतून चालतं. फासे, एचपी (अंगात जीव किती, तो आकडा), स्पेल स्लॉट (किती मंत्र टाकता येतील, तो हिशेब) हे शब्द आहेत तसेच. वर्णनं, भांडणं आणि शिव्या मराठीत. गेल्या रविवारी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी होतो. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, पडक्या गढीत शिरली आणि मी म्हटलं, “अंधारातून एक राक्षस उठतो.” माझ्या डोक्यात साधा ओगर होता, इंग्रजी गोष्टींतला माणसं खाणारा दांडगोबा. ५९ एचपी, हातात सोटा, अक्कल बेताची. पण आमच्या विझर्डचं, म्हणजे जादूगार झालेल्या गड्याचं, मॉन्स्टर मॅन्युअल (खेळातल्या अक्राळविक्राळ प्राण्यांचं पुस्तक) तोंडपाठ. त्यानं ‘राक्षस’ ऐकलं आणि फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा मंत्र, टाकलाच नाही! का, तर २०१४च्या नियमांत राक्षसाची स्वतःची इच्छा नसेल तर सहाव्या लेव्हलपर्यंतचा एकही मंत्र त्याला लागत नाही. गडी चार फेऱ्या काठीनं झोडपत बसला, तोवर जखमा बऱ्या करणारी आमची क्लेरिक आडवी. खेळ संपल्यावर दोघंही माझ्यावर घसरले.

तर प्रश्न असा, की ओगरला मराठीत राक्षस म्हणणं चूक आहे का? आणि तसं म्हटलं, तर मग पुस्तकातल्या राक्षसाला काय म्हणायचं?

पुण्याहून :
विझर्डला बोल लावू नका, शब्दालाच आपण फार राबवलंय. निवडणुकीत बहुमत राक्षसी, छापताना चूक झाली की मुद्राराक्षस, पोरगं सहा पोळ्या जेवलं की तेही राक्षस. रोजच्या बोलण्यात हा शब्द आकार आणि भूक सांगतो, जात सांगत नाही. पुस्तकातला राक्षस म्हणजे मात्र एक विशिष्ट प्राणी. या खेळाच्या एका जनकानं, गॅरी गायगॅक्सनं, तो एका अमेरिकन टीव्ही मालिकेतून उचलला, थेट रामायणातून नव्हे. १९७७च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधल्या चित्रात तो वाघाच्या तोंडाचा, झगा घालून पाइप ओढत बसलेला आहे. मंतरलेला क्रॉसबोचा बाण लागला की खलास. लंकेत असलं ध्यान कुणी पाहिलं होतं?

सावंतवाडीहून :
आणि त्याचे हात उलटे असतात, तळवा जिथं हवा तिथं हाताची पाठ. आमच्याकडे उलटे असतात ते भुताचे पाय. माझी भाची पहिल्यांदा ते चित्र बघून म्हणाली, “मामा, ह्याका उलटो छापलो हा!” गंमत सोडा, पण ओगरला राक्षस म्हणायला माझी काहीच हरकत नाही. आजीच्या गोष्टीतला राक्षस घरी येतो तो “माणूसघाणा, माणूसघाणा” ओरडतच. अंगानं धिप्पाड, डोक्यानं मठ्ठ, म्हातारीनंसुद्धा फसवावा असा. तो ओगर नाही तर कोण?

प्रश्नकर्ता :
पण त्याच आजीच्या गोष्टीत राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडे पिंजऱ्यातल्या पोपटात असतो. पोपटाची मान मुरगळली की इकडे राक्षस कोसळतो. हा तर सरळसरळ लिच झाला, आपला जीव एखाद्या वस्तूत लपवून मेल्यावरही उरणारा खेळातला जादूगार!

पुण्याहून :
अगदी! आणि सोन्याचं हरीण झालेला मारीच हा रूप पालटणारा, म्हणजे पुस्तकातल्या राक्षसाचा खरा भाऊबंद. म्हणजे बघा, आपला एक शब्द तीन-तीन पानं अडवून बसलाय. गोष्टीला ते चालतं, कारण गोष्टीतल्या राजपुत्राला समोरच्याचा आर्मर क्लास (त्याला वार लागणं किती अवघड, तो आकडा) विचारायचा नसतो.

नाशिकहून :
लिचचा विषय निघालाच आहे तर. त्याचा जीव ज्यात ठेवलेला असतो त्या फायलॅक्टरीला मी माझ्या गटात ‘ताईत’ म्हणते. फायलॅक्टरी हा शब्द ग्रीक, आणि मुळाशी अर्थ राखण करणं हाच. (नव्या आवृत्तीत तो शब्द काढून ‘आत्म्याची बरणी’ अशा अर्थाचं नाव दिलंय. त्यावर मला लोणच्याशिवाय काही आठवत नाही.) आता गंमत बघा. रामायणाच्या उत्तरकांडात ब्रह्मदेव पाणी निर्माण करतो आणि ते राखायला काही प्राणी घडवतो. त्यांच्यातले जे “रक्षाम”, आम्ही राखतो, म्हणाले ते राक्षस. “यक्षाम” म्हणाले ते यक्ष. म्हणजे ताईत आणि राक्षस, दोघांचं मूळ काम पहारा देण्याचंच. खजिन्यावर राक्षस बसवलात तर ते व्युत्पत्तीला धरूनच आहे.

सावंतवाडीहून :
ताईत झकास. फक्त ‘गळ्यातला ताईत’ म्हटलं की आमचे खेळाडू लाडक्या पात्राचा अर्थ घेतील. लिचच्या गळ्यातला ताईत कोण, यावर अर्धा तास जाईल.

मला खरी अडचण येते ती अनडेड, म्हणजे मेले तरी हिंडणारे, या शब्दाची. शब्दशः केला तर ‘अमृत’, म्हणजे झॉम्बीला अमृत म्हणा! ‘भूत’ म्हणावं तर सांगाडा आणि झॉम्बी बसत नाहीत, आपल्या भुताला हाडामासाचं शरीर लागत नाही. मी घाऊक ‘भुतावळ’ म्हणतो आणि सुट्यासाठी मराठी नावं वापरतो. पिंपळावर मुंजा, पाण्यात गिऱ्हा, रानात वाट चुकवणारा चकवा. प्रत्येकाची जागा ठरलेली, त्यामुळे खेळाडू नाव ऐकूनच नकाशा बघतात. चकव्याला तर मी एचपीच देत नाही. त्याला मारायचं नसतं, पहाटेपर्यंत टिकायचं असतं.

नाशिकहून :
आणि पात्राचा स्वभाव सांगणारा ‘लॉफुल ईव्हिल’ हा शिक्का? पुस्तकातल्या राक्षसावर तोच आहे. ‘कायदेशीर दुष्ट’ म्हटलं की आमच्यातला एक वकील उठून जातो.

पुण्याहून :
‘शब्दाचा पक्का, पण दुष्ट’. दिलेला शब्द मोडणार नाही, त्यातच तुम्हाला अडकवेल. पात्र उभं करताना हा अर्थ उपयोगी पडतो, नुसत्या ‘दुष्ट’चा काही उपयोग नाही.

प्रश्नकर्ता :
काल पुन्हा बसलो. ठरलं ते असं, की ओगर म्हणजे राक्षस, आणि पुस्तकातल्याचा उच्चार इंग्रजी वळणानं ‘रॅकशासा’. आपलाच शब्द परदेशी जाऊन आल्यासारखा वाटतो, पण टेबलावर घोटाळा होत नाही. मी तर तोही शब्द काढला नाही. गढीच्या दारातून नुसतं ओरडलो, “माणूसघाणा! माणूसघाणा!” विझर्डनं एका शब्दानं न विचारता फायरबॉलचे आठ फासे ओंजळीत घेतले. एकतीस पडले.