रॉइस यांनी उलटंच सांगितलं होतं

सॉफ्टवेअर बनवताना आधी सगळ्या गरजा कागदावर पक्क्या करायच्या, मग एकेक टप्पा संपवत पुढे जायचं, याला वॉटरफॉल पद्धत म्हणतात. तिची शिफारस अमेरिकी संगणकतज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांनी केली, असं बऱ्याचदा म्हटलं जातं, ते बरोबर नाही. 1970 च्या त्यांच्या लेखात ‘वॉटरफॉल’ हा शब्दही नाही. टप्प्यांची आकृती देऊन ही पद्धत धोक्याची आहे असंच ते सांगतात. नवं काम दोनदा बांधा, गिऱ्हाइकाला आधीपासून सोबत घ्या, असंही.

गिऱ्हाइकाला सोबत का घ्यायचं, ते मला कळलं पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये. वजनाची स्क्रीन आम्ही नाशिकच्या सातपूरला बसून, सही झालेल्या कागदावरून केली होती. काट्यावरच्या ताईंच्या हातात मोजे, टचस्क्रीनवरचं बटण दबेचना! त्या वजनं वहीत लिहून ठेवायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत भरायच्या. मग दर दुसऱ्या शुक्रवारी झालेलं काम दाखवायचा डेमो पॅकहाउसच्या शेडमध्येच ठेवला. टीमच्या रोजच्या स्टँडअपपेक्षा, म्हणजे उभ्या-उभ्या होणाऱ्या छोट्या बैठकीपेक्षा, त्याचा कितीतरी जास्त उपयोग झाला.