बाळाच्या हातात घास: खूळ की शहाणपण?

धरमपेठची आई:
परवा एका काकूंनी लिहिलं, "बाळाच्या हातात फोडी देणं हे विदेशी खूळ. दाढा येईपर्यंत सगळं मिक्सरमधूनच द्यावं, नाहीतर घशात अडकून जीव जाईल." खाली 'अगदी बरोबर'ची रांग. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते.

सहा महिने पूर्ण झाले, मान धरली, बाळ ताठ बसायला लागलं आणि हाती येईल ते तोंडात घालतंय, की द्या. दाढा कशाला, हिरड्या पुरतात. कसोटी एकच: दोन बोटांत दाबलं की चेंदामेंदा व्हायला हवं. लाल भोपळा, गाजर, रताळं वाफवून बोटाएवढ्या लांब फोडी करायच्या, कारण या वयात बाळ सगळं मुठीत धरतं आणि मुठीबाहेरचं टोक चघळतं. चिमटी जमली की बारीक तुकडे. द्राक्षं उभी चिरून चार भाग. बाळ वर्षाचं होईपर्यंत मीठ-साखर नको. आणि खाताना बाळ बसलेलंच हवं, रांगताना तोंडात काही नको.

खोकला आला, तोंड लाल झालं, ओकारी काढली, तर बाळ स्वतःच घास बाहेर ढकलतंय, मध्ये बोट घालू नका. भीती कशाची? आवाजच बंद होतो त्याची.

महालचे आजोबा:
काहून बापा एवढा आटापिटा? आमच्याकडे उष्टावणाला खीर चाटवली, मग वर्षभर वरणभात कुस्करून. चार पोरं वाढली, एकालाही ठसका नाही. आता भोपळा कापायलाही मोजपट्टी!

मानेवाड्याची मावशी:
आजोबा, चारही पोरांना भरवलं तुम्ही की आजींनी? एकदा त्यांनाच लिहू द्या की.

सक्करदरा:
हसायला ठीक आहे. माझ्या भाच्याला लग्नघरात कुणीतरी लाडाने फुटाणा दिला. मांडवात खोकला, रात्री धाप, शेवटी भूल देऊन दुर्बिणीने श्वासनळीतून काढावा लागला. डॉक्टरांनी तो डबीत घालून आईच्या हातात ठेवला, केवढासा तर होता. तेव्हापासून आमच्या घरी लेकराच्या हातात काही नाही म्हणजे नाही.

धरमपेठची आई:
दादा, वाचून पोटात गोळा आला. पण फुटाणा आणि वाफवलेला भोपळा एकाच पंगतीत कसे बसवता? फुटाणे, शेंगदाणे, मुरमुरे, कच्चं गाजर, हे द्या असं मी कुठे म्हटलं? 2016 साली न्यूझीलंडचा अभ्यास छापून आला होता, 206 बाळांचा. काय टाळायचं हे आयांना नीट समजावून दिलेली, हाताने खाणारी बाळं आणि नेहमीसारखी चमच्याने खाणारी, यांच्यात गुदमरण्याचं प्रमाण वेगळं निघालं नाही.

महालचे आजोबा:
न्यूझीलंडला पाहुणे येता-जाता लेकराच्या तोंडात चिवडा कोंबतात का?

धरमपेठची आई:
हा मुद्दा मान्य! मग पाहुण्यांचे हात धरा, बाळाचे काहून धरता?

गोकुळपेठ:
आम्ही संत्र्याची फोड देतो. आवडीने चोखते.

संत्रावाला काटोल:
ताई, ते संत्रं आहे की किन्नू, आधी पाहा. जानेवारीत गाडीवर चकचकीत, साल घट्ट चिकटलेलं फळ 'नागपुरी' म्हणून विकतात ना, ते पंजाब-राजस्थानचं. आपल्या संत्र्याची साल सैल, बिया मोजक्या. किन्नूत बियाच बिया. आपल्या संत्र्याला 2014 ला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे 'नागपुरी' हे नाव इथल्याच फळाचं, तरी नागपूरकरच फसतात!

गोकुळपेठ:
आमचा फळवाला सीताबर्डीवरचा, वर्षानुवर्षांचा. तो फसवणार नाही.

संत्रावाला काटोल:
हाव, सगळ्यांचा फळवाला वर्षानुवर्षांचाच असतो. साल नखाने सोलून पाहा. रस अंगठ्यावरून कोपरापर्यंत ओघळला तर समजा किन्नू.

सक्करदरा:
इथे लेकरांच्या जिवाचं चाललंय आणि तुम्ही बाजार मांडता! वेगळा धागा काढा.

संत्रावाला काटोल:
बी लेकराच्याच घशात जाते ना भाऊ? विषयावरच बोलतोय.

धरमपेठची आई:
कुठलंही असो, बिया काढा, फोडीवरचा पातळ पापुद्रा सोला, गर तेवढा द्या.

परिचारिका, मेडिकल चौक:
भांडून झालं असेल तर हे वाचा. वर्षाच्या आतल्या बाळाचा आवाज बंद झाला, रडता येईना, तर हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली. दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने 5 थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यावर 5 दाब. निघेपर्यंत आलटून पालटून, दुसऱ्याला रुग्णवाहिकेसाठी 108 लावायला सांगा. बाळ निपचित पडलं तर लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं, सुरू. घास दिसत नसताना बोट फिरवू नका, आणखी आत जातो. आणि उष्टावणाला मध चाटवणाऱ्यांनो, वर्षाच्या आत मध अजिबात नाही. त्यातल्या जंतूंमुळे बाळ लुळं पडू शकतं.

महालचे आजोबा:
बरं बाई, मध बंद. खीर तरी ठेवाल की तिचीही यादी येतेय?

मानेवाड्याची मावशी:
संत्रावाले दादा, पेटी घरपोच देता का? बर्डीवाल्यावरचा विश्वास उडाला.