मदत हवी आहे: स्टँडअलोन ईसीयू, ३५०० आरपीएमच्या वर सिंक जातो

नमस्कार मंडळी,

इंजिन चार सिलिंडर, १६०० सीसी, टर्बो नाही. मूळ ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) काढून स्टँडअलोन, म्हणजे स्वतः सेट करता येणारा वेगळा ईसीयू बसवलेला आहे. हार्नेस (वायरींचा जुडगा) आधीच्या मालकाने एका वर्कशॉपमधून करून घेतला होता. गाडी माझ्याकडे तशीच आली, वायरिंगचा नकाशा मात्र मिळाला नाही. त्यामुळे प्रत्येक वायर मल्टिमीटरने माग काढत ओळखावी लागली.

क्रँक पुलीवर ३६ वजा १ दातांचं चाक आहे (३६ दातांची जागा, एक दात मुद्दाम गायब), त्यावर दोन वायरींचा व्हीआर सेन्सर (दात जवळून गेला की व्होल्टेज देणारा चुंबकीय सेन्सर). कॅम सेन्सर नाही. वेस्टेड स्पार्क (एका वेळी दोन सिलिंडरना ठिणगी), इग्नायटर कॉइलमध्येच. इंजेक्टर १४ ओहमचे, म्हणजे रेझिस्टर पॅकची गरज नाही. प्लग रेझिस्टरवाले आहेत, हे मुद्दाम काढून बघितलं, कारण साधे प्लग असले तर सिग्नलमध्ये कचरा येतो.

त्रास असा आहे. सेल मारला की गाडी चालू होते, आयडल छान. ३५०० च्या वर रेस केली की मिसिंग सुरू होतं, लॉगमध्ये आरपीएमची रेघ एकदम वर-खाली उडते आणि सिंक लॉसचा (ईसीयूला क्रँकची जागा न कळण्याचा) आकडा वाढत जातो. खाली आणलं की पुन्हा सगळं ठीक. थंड असताना सेल मारल्यावर कधीकधी उलटा झटकाही बसतो, आणि त्याची मला जास्त काळजी आहे, कारण स्टार्टरचे दात असेच तुटतात.

आतापर्यंत तपासलेलं: बॅटरी उभ्या गाडीत १२.४ व्होल्ट, सेल मारताना १०.३, चालू असताना १४.१. सेन्सर आणि दात यांतली गॅप १ मिमीच्या आसपास, चाक फिरताना डगमगत नाही. सेन्सरचा रेझिस्टन्स थंड-गरम दोन्ही वेळी स्थिर.

ठिणगीचं टायमिंग सॉफ्टवेअरमध्ये १० डिग्रीवर लॉक करून पुलीच्या खुणेवर टायमिंग लाइट मारला. १००० ला खूण १० वर दिसते, ३००० ला ती ६ च्या जवळ सरकलेली असते. लॉक केलेलं टायमिंग सरकायला नको ना?

टूथ लॉगचा (दोन दातांमधल्या वेळेच्या आलेखाचा) आकारही मला खटकतोय. बाकी पट्ट्या सारख्या उंचीच्या, पण जिथे दात गायब आहे तिथे एक दुप्पट उंच पट्टी दिसायच्या ऐवजी शेजारी शेजारी दोन दिसतात, प्रत्येकी साधारण दीडपट.

आणखी एक. रेडिएटरचा फॅन लागला की त्याच क्षणी पाण्याचं तापमान ८६ वरून ८० दाखवतं आणि टीपीएस (थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणारा सेन्सर) ० वरून २ टक्क्यांवर जातो. पाणी एका क्षणात सहा डिग्री गार होत नाही, म्हणजे ही गडबड विजेचीच. सिंक जाण्याचं कारणही हेच असेल का, की ते वेगळं प्रकरण आहे? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

दोन वेगळी प्रकरणं आहेत, एकत्र सोडवायला गेलात तर गोंधळ होईल.

आधी सिंक. तुमच्या व्हीआर सेन्सरच्या दोन वायरी उलट्या लागल्यात. दीडपटीच्या दोन पट्ट्या ही त्याची पक्की खूण. दात जवळ येताना सेन्सरचा व्होल्टेज चढतो, दाताच्या बरोबर मध्यावर शून्यातून झपकन खाली जातो, आणि ईसीयूने तो क्षण पकडायचा असतो. वायरी उलट्या असल्या की ईसीयू दोन दातांच्या मधली शून्याची वेळ पकडतो. तिथला उतार मंद असतो, गायब दाताच्या मोकळ्या जागेत तर सिग्नल जवळपास सपाट. त्या रुंद जागेच्या मध्यावर एक खोटा क्षण पकडला जातो, म्हणून मागे दीड आणि पुढे दीड. ईसीयू गायब दात ओळखतो तो आधीच्या अंतराशी तुलना करून. दोनऐवजी दीड मिळालं की तो कसाबसा ओळखतो, वेग वाढला आणि थोडा आवाज मिसळला की चुकतो. टायमिंग सरकण्याचं आणि सेल मारताना झटका बसण्याचंही मूळ तेच असण्याची शक्यता जास्त.

सॉफ्टवेअरमध्ये एज (सिग्नल चढताना पकडायचा की उतरताना) बदलून भागवू नका. सेन्सरचा सिग्नल वाचणारी मॅक्स ९९२६ सारखी चिप असो की साधं सर्किट, शून्याची अचूक वेळ एकाच बाजूला मिळते. वायरी कनेक्टरवरच अदलाबदल करा.

प्रतिसाद:

वरच्याशी सहमत. वायरीच्या रंगावर विश्वास ठेवू नका, खात्री करायची असेल तर सेन्सर सोडवून मीटर डीसी मिलिव्होल्टवर लावा आणि लोखंडी पाना झटकन सेन्सरच्या टोकाजवळ आणा. काटा आधी कुठे जातो ते बघा. काट्याचा मीटर असेल तर उत्तम, डिजिटलला तो धक्का नीट दिसत नाही. तुमच्या ईसीयूला कोणती दिशा हवी ते त्याच्या मॅन्युअलमध्ये असतं.

शील्डचंही (सेन्सरच्या वायरींवरच्या धातूच्या जाळीचंही) बघून घ्या. शील्डची जाळी फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ करायची, सेन्सरच्या टोकाला मोकळी ठेवून टेप मारायची. दोन्हीकडे जोडली तर तीच अर्थची वायर होऊन बसते.

आणि एक गोष्ट विसरू नका: वायरी बदलल्या की ट्रिगर अँगल (गायब दातावरून क्रँकची जागा ठरवणारा कोन) साधारण अर्ध्या दाताने हलेल. ३६ च्या चाकात एक दात म्हणजे १० डिग्री, अर्धा म्हणजे ५. टायमिंग ५ डिग्री पुढे गेलेल्या अवस्थेत लोड दिलात तर नॉकिंग होऊन पिस्टन जातील. इंजेक्टरचा फ्यूज काढा, टायमिंग लॉक करा, सेल मारून लाइटने खूण बघा, अँगल दुरुस्त करा, मगच फ्यूज परत लावा.

धागाकर्ता:

मनापासून आभार. दीडपटीचं कारण वाचल्यावर लॉगचा प्रत्येक कोपरा समजला. वायरी बदलून बघतो. पण अर्थचं काय करू? सेन्सरची अर्थ नक्की कुठे न्यायची, ब्लॉकवर की ईसीयूवर?

प्रतिसाद:

ईसीयूवर, आणि फक्त ईसीयूवर. टीपीएस, कूलंट, हवेचा सेन्सर, या सगळ्यांची परतीची वायर ईसीयूच्या सेन्सर अर्थ पिनवर. ती बॉडीला कुठेही लागता कामा नये. ईसीयूची पॉवर अर्थ वेगळी, तीही ब्लॉकवर एकाच जागी.

तुमच्याकडे सेन्सरची अर्थ बॉडीच्या बोल्टला लागलेली दिसतेय. फॅनचा करंट बॉडीतून बॅटरीकडे परततो, त्या वाटेतल्या रेझिस्टन्समुळे बॉडी ०.१ व्होल्टने वर उचलली जाते. गरम इंजिनात कूलंट सेन्सरच्या पिनवर मुळात अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतं, तिथे ०.१ म्हणजे पाच-सहा डिग्री. टीपीएसचे २ टक्केही ह्याच हिशोबात बसतात. मीटरचं एक टोक ब्लॉकवर, दुसरं त्या बोल्टवर ठेवा आणि फॅन लावा, आकडा समोर दिसेल. बोल्टखालचा रंग खरवडून बॉडी ते बॅटरी जाड केबल नवीन टाका, पण सेन्सरची वायर तिथून काढायचीच.

वाइडबँड (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर) लावला असेल तर त्याच्या हीटरची अर्थ सेन्सर अर्थला जोडू नका. हीटर बराच करंट ओढतो, तो पॉवर अर्थकडेच गेला पाहिजे.

धागाकर्ता:

काम झालं, इथे नोंदवतो म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल. बोल्ट आणि ब्लॉक यांच्यात फॅन लागल्यावर ०.११ व्होल्ट मिळाले. त्या बोल्टच्या एका लगमध्ये (वायरीच्या टोकाच्या कडीत) सेन्सरची अर्थ, हॉर्न आणि एका हेडलाइटची अर्थ एकत्र क्रिंप केलेली निघाली. सेन्सरची वायर ईसीयूपर्यंत वेगळी नेली, आता फॅन लागला तरी तापमान आणि टीपीएस हलत नाहीत.

वायरी बदलल्यावर टूथ लॉगमध्ये एकच दुप्पट उंच पट्टी दिसते. ६००० पर्यंत रेस केली, सिंक लॉस शून्य. थंड इंजिनाला झटका बसलेला नाही. ट्रिगर अँगल लाइटने पुन्हा बसवला.

आता शेवटचा प्रश्न: लॉक केलेलं टायमिंग १५०० ला १० दिसतं, ५००० ला ९. एक डिग्री अजून सरकतेय.

प्रतिसाद:

लाइटवर अॅडव्हान्सचा डायल असेल तर तो शून्यावर ठेवून पुन्हा बघा, काही लाइट स्वतःच उशीर करतात. तरीही एक डिग्री राहिली तर तो सर्किटचा उशीर. ५००० ला क्रँक सेकंदाला ३०,००० डिग्री फिरतो, १५०० ला ९,०००. फरक २१,००० चा, त्यात एक डिग्री म्हणजे ४८ मायक्रोसेकंद. सॉफ्टवेअरमधल्या स्पार्क लेटन्सीच्या (ठिणगीच्या उशिराच्या) खान्यात तेवढं टाका, मग ट्रिगर अँगल कमी आरपीएमला एकदा परत जुळवा, कारण लेटन्सी टाकली की तिथलाही आकडा थोडा हलतो.