कोर्स झाला, पुढं काय?
दादा, पुतण्याचं यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढून एखादा कोर्स केला की काम मिळेल, असं तुम्ही लिहिलंय. कार्ड हवंच, पण गाडी अडते ती त्याच्या पुढं.

माझ्या धाकट्या भावाला पोलिओ, डाव्या पायात कॅलिपर, म्हणजे पट्ट्यांनी बांधायचा आधाराचा सांगाडा. आयटीआय करून कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात लागला. आठ-आठ तास उभं राहून तिसऱ्या आठवड्यात पट्ट्याखालची कातडी सोलून निघाली, काम सुटलं. नंतर उद्यमनगरातल्या मालकांनी तपासणीच्या टेबलाएवढं उंच स्टूल वेल्डिंग करून दिलं, पाय ठेवायला आडवी पट्टी. सहा वर्षं झाली, जाडी मोजायचं मायक्रोमीटर हातात घेऊन तिथंच बसलाय. फरक एका स्टुलाचा, हो!

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी नोकरीत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा राखीव आहेत (अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त हवं). खासगी कारखान्यांना तशी सक्ती नाही. म्हणून कामाची जागा बघणारा, मालकाशी बोलणारा माणूस सोबत लागतो. आपल्याकडं कोल्हापुरात नसीमादीदी हुरजूक यांनी १९८४ मध्ये उभारलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही अपंगांसाठी काम करणारी संस्था आहे, तिथं एकदा जाऊन या. आणि होकार देण्याआधी पुतण्याला शेडमध्ये फिरवा. पायऱ्या किती, संडास कुठं, ते आधी बघा.